जिवाणूंची भुकटी: वास गेला, पण पाकिटावरचं सगळं खरं नाही

ड्रेनेजच्या वासासाठी जिवाणूंची भुकटी घ्यावी का, असं विचारणाऱ्यांसाठी लिहितोय. आमच्या वसाहतीचं सांडपाण्याचं पंपघर मी सांभाळतो.

भुकटीत बॅसिलस जिवाणूंचे सुप्त बीजाणू असतात, कोंड्यात मिसळलेले. कोमट पाण्यात भिजवायची, तळाचा गाळही ढवळून ओतायचा. पंपाच्या टाकीवरची तेलकट साय तिने चांगली मोडली, फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर तरंगून पंप चालू-बंद करणारा) आता अडकत नाही. एवढ्यासाठी पैसे वसूल.

गॅसची गोष्ट वेगळी. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू सल्फेटपासून तो बनवतात. पंपापुढची दाबाची लाइन काठोकाठ भरलेली, हवा नावालाही नाही. गॅस तिथे तयार होतो आणि पाणी ज्या चेंबरमध्ये आदळतं तिथे बाहेर पडतो. पाकिटावर मात्र 'वास येणाऱ्या चेंबरमध्ये ओता' असं छापलंय! तिथवर सगळं होऊन गेलेलं असतं. मी पंपाच्या टाकीतच ओततो.

सोबत कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण मिळतं, वेगळे पैसे देऊन. माझ्या मते खरं काम तेच करतं. ऑक्सिजन नसला तरी नायट्रेट वापरून सल्फाइडचं पुन्हा सल्फेट करणारे जिवाणू मैल्यात मुळातच असतात. त्यांना फक्त नायट्रेट हवं. ते सुरू केल्यापासून चेंबरचं झाकण उचलल्याबरोबर गॅस मोजणारं मीटर बोंबलत नाही. त्याचा अलार्म १० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे १० भाग) लावलाय. पहाटेच्या पहिल्या पंपिंगला मात्र अजून वाजतो, कारण रात्रभर पाणी लाइनीत मुरलेलं असतं.

सफाईवाल्यांना ब्लीचिंग पावडर टाकू नका म्हणून आधीच सांगा, नाहीतर भुकटी फुकट. झाकणाखालचं काँक्रीट भुसभुशीत झालं असेल तर तेही या भुकटीने भरून येणार नाही. गॅसपासून गंधकाम्ल तयार करणारे जिवाणू ते खातात, दुरुस्ती वेगळी करावी लागते.

आणि विक्रेत्याचा माणूस 'आता चेंबरमध्ये बिनधास्त उतरा' म्हणाला, ते साफ चूक. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास नाही म्हणजे गॅस नाही असं नसतं. माणूस उतरवायचाच नाही, जोराच्या पाण्याने सफाई करणारं जेटिंग मशीन लावायचं.

पुढच्या खेपेला भुकटी कमी आणि नायट्रेट जास्त मागवणार आहे.