डिशचं रिचार्ज मारावं की छत्री उतरवावी?

“ताई, डिशचं रिचार्ज सरलं. मारू का राहू देऊ? पोट्टं टीव्हीपुढून हालतच नाही ना!”

शेजारणीचा हा प्रश्न आला तो जूनच्या शेवटी. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणून टीव्हीची सवयही आमच्याकडे जास्त मुरते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की लेकरू बाहेर सोडवत नाही. कूलर लावायचा, दार लोटायचं, टीव्ही सुरू. मग पाऊस पडतो, पेरणी लागते, आईबाप वावरात आणि घरी म्हातारी आजी. तिच्यानं पोराच्या हातचा रिमोट काही सुटत नाही.

तीन वाटा आहेत: टीव्ही पुरता बंद, वेळ बांधून देणं, किंवा सोबत बसून पाहणं. तिन्ही आमच्या घरात करून झाल्या आहेत.

त्याआधी लेकराचं वय पाहा. दोन वर्षांच्या आतलं असेल तर तुलनेची गरजच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सरळ आहे: दोन वर्षांपर्यंत कुठलाच स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांत फार तर एक तास आणि तोही मोठ्यांच्या नजरेखाली, पाच ते दहामध्ये दोन तासांच्या आत. “बाळ कुठं पाहते, आम्हीच पाहतो” हे पटण्यासारखं वाटतं, पण 2009 साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात टीव्हीच्या आवाजाच्या दर तासामागं बाळाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे 770 नं कमी भरले. टीव्ही बोलत असला की आपण गप्प बसतो, आणि बाळ बोलायला शिकतं ते आपल्याशी बोलूनच.

आता पहिली वाट. आम्ही छत्री उतरवली ती पोरीच्या जेवणापायी. चार वर्षांची होती. घास हातात, तोंड उघडं, डोळे टीव्हीवर, आणि वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत फ्रॉकवर टपटपतंय. तिला पत्ताच नाही. बंद केल्यावर चारच दिवसांत ती ताटाकडे पाहून जेवायला लागली. हा फायदा मी नाकारत नाही. पण मोठा पोरगा आठवड्यात शेजारच्या ओसरीवर जाऊन बसू लागला, आणि तिथं त्याच्या हाती आला मोबाइल. टीव्हीवर काय चाललंय ते मला चुलीपाशी ऐकू तरी यायचं. मोबाइलमध्ये काय चाललंय ते फक्त त्यालाच ठाऊक, आणि मोबाइल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. या दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर मी टीव्ही निवडीन.

बंदी टिकते ती गावानं मिळून केली तर. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून 18 वर्षांखालच्यांना मोबाइल बंद केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवणं सुरू झालं. एकट्या घरानं भोंगा वाजवून काय होणार?

दुसरी वाट, वेळ बांधण्याची. कागदावर ही सगळ्यात सोपी. पण आमच्याकडे लाइन जाते. मग पोरगा हिशेब मांडतो, “लाइन गेली होती, माझा अर्धा तास बाकी हाय!” शिवाय गोष्ट ऐन रंगात असताना टीव्ही मालवला की रोजची रडारड ठरलेली. म्हणून घड्याळ सोडलं आणि कामाशी गाठ घातली: हातपाय धुतल्यावर एक भाग, दिवा लावला की बंद, जेवताना नाही, झोपायच्या तासभर आधी नाही. हे बऱ्यापैकी चाललं. मोडलं ते आमच्यामुळेच. ओलिताची लाइन रात्रीची असली की घरधनी जागा राहायला टीव्ही लावतो, आणि लेकरं त्याच खोलीत तळमळतात. शेवटी टीव्ही ओसरीवर हलवला.

तिसरी वाट सोबत बसण्याची. मला हीच सगळ्यात पटते, आणि जमते सगळ्यात कमी. बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेली मुलं स्वतःही तसंच करतात, पडद्यावर पाहिलं तरीही. आमच्या घरी त्याचा पुरावा पोरीच्या पाठीवर उमटला होता. सोबत बसलं की विचारता येतं, “त्याला लागलं नसेल का रे?” जाहिरात आली की सांगता येतं, “हे विकायला आलेत.” सातआठ वर्षांच्या आतल्या लेकराला ते आपणहून उमगत नाही, त्याला तो 5 रुपयांचा पुडा खराच हवा असतो. पण निंदण करून आलेल्या बाईनं भाकरी थापायच्या की कार्टून पाहायचं? अर्धा तास निघाला तरी पुष्कळ म्हणायचं.

शेजारणीचा पोरगा सात वर्षांचा, पोरगी दीड वर्षाची. तिला मी म्हटलं, कार्टूनचा पॅक सोड. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री त्यावर दिसतं, तेवढं पुरे. टीव्ही ओसरीवर ठेव, पोरगी जागी असेल तोवर बंद. पोऱ्याला संध्याकाळी एक भाग, तुझ्या नाही तर बापाच्या सोबत. दुपारी दोघंही वावरात असाल तेव्हा रिमोट सोबत घेऊन जा.

“आन बुढीची साडेसातची शिरेल?” तिनं विचारलं.

मी गप्प. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, “राहू द्या, पेरणी उरकली की पाहू.”