भाडेकरू राहतोय तसाच फ्लॅट विकायचा की रिकामा करून?

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. फ्लॅट भाड्याने दिलाय, विकायचाय, आत माणसं राहतायत. मग तसाच विकायचा, की अ‍ॅग्रीमेंट संपेपर्यंत थांबून रिकामा करून विकायचा, की भाडेकरूलाच विचारायचं घेताय का म्हणून? आम्ही पुण्यातला वाकडचा टू बीएचके विकताना पहिला मार्ग धरला, मधेच सोडला आणि दुसऱ्यावर आलो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं बघितलंय.

आधी तुमच्याकडे कागद कुठला आहे ते बघा. जुनी पागडीची जागा (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन, नाममात्र भाड्यावर घेतलेली) असेल तर हे सगळं तुमच्या कामाचं नाही, कारण त्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असतं, मालक बदलला तरी तो तिथेच राहतो आणि किंमतही तशीच ठरते, तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. मी बोलतेय ते लीव्ह अँड लायसन्सबद्दल, म्हणजे आपलं नेहमीचं ११ महिन्यांचं नाहीतर दोन-तीन वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट. ते रजिस्टर केलेलं असायलाच हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे, आणि रजिस्टर नसेल तर अटी काय ठरल्या होत्या यावर वाद झाल्यास भाडेकरू सांगेल ते आधी धरलं जातं. विकताना हेच आडवं येतं, कारण घेणाऱ्याचा वकील पहिली मागतो ती रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटचीच कॉपी.

आता एक गोष्ट बऱ्याच मालकांना माहीत नसते आणि भाडेकरूंना तर नसतेच. लायसन्स म्हणजे फक्त राहायची परवानगी, आणि १८८२ च्या इझमेंट कायद्याच्या कलम ५९ नुसार मालकाने जागा विकली की नवा मालक त्या परवानगीला आपोआप बांधील राहत नाही. ऐकून वाटतं, चला, मग विकायला मोकळे. पण तसं नाही, कारण त्याच कायद्यात पुढे कलम ६४ आहे, पैसे घेऊन परवानगी दिली आणि माणसाची काही चूक नसताना त्याला मुदतीआधी बाहेर पडावं लागलं तर तो तुमच्याकडून भरपाई मागू शकतो. म्हणजे लॉक-इन (ज्या काळात अ‍ॅग्रीमेंट मधेच मोडता येत नाही ती मुदत) चालू असताना तुम्ही विकलं आणि नव्या मालकाने त्याला काढलं, तर तो तुमच्याच दारात येणार. म्हणून लॉक-इन कधी संपतंय आणि नोटीस किती दिवसांची आहे, या दोन ओळी आजच अ‍ॅग्रीमेंट काढून वाचा.

पैशाचा हिशोब आमच्या आकड्यांवरच सांगते. फ्लॅटची अपेक्षा ७२ लाख, भाडं २२ हजार. वर्षाचे झाले २ लाख ६४ हजार, म्हणजे साडेतीन-पावणेचार टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स वजा करायचाच राहिला. भाडेकरूसकट फ्लॅट घेणारा माणूस इन्व्हेस्टर असतो, त्याला तिथे राहायचं नसतं, तो हा आकडा बघतो, बँकेची एफडी याहून जास्त देते हे त्याला माहीत असतं, आणि तो भाव पाडूनच बोलतो. आम्हाला दोन ऑफर आल्या, एक ६६ आणि एक ६७. आता रिकामं ठेवण्याचा खर्च बघा. तीन महिने भाडं बुडालं ६६ हजार, मेंटेनन्स साधारण साडेदहा हजार, रंग आणि साफसफाई ४५ हजार, सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत. शेवटी फ्लॅट ७१ ला गेला. म्हणजे चार लाखांचा फरक मिळवायला सव्वा लाख घातले. तुमचे आकडे वेगळे असतील पण कागदावर मांडून बघा, नुसतं "भाडं बुडेल" या भीतीने ठरवू नका.

हा हिशोब वन बीएचकेला उलटा पडू शकतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा अशा भागात वन बीएचके बरेचदा भाड्यासाठीच घेतले जातात, तिथे वेळेवर पैसे देणारा भाडेकरू आत असणं हीच जमेची बाजू, घेणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून भाडं चालू. टू आणि थ्री बीएचके बघायला मात्र कुटुंबं येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न एकच, ताबा कधी? त्यातले बरेच जण स्वतः कुठेतरी भाड्याने राहत असतात, तिकडचं भाडं आणि इकडचा हप्ता असं दोन्ही एकदम भरायची त्यांची ताकद नसते, म्हणून सहा महिन्यांनी ताबा म्हटलं की ते पुढचा फ्लॅट बघायला जातात, फ्लॅट कितीही आवडलेला असो. आणि भरल्या घरात त्यांना नीट बघताही येत नाही, कपाटामागची ओल दिसत नाही, बाथरूमचा नळ सोडून बघायला संकोच वाटतो.

इथे आमची चूक सांगते. आमच्याकडे नवरा-बायको आणि त्यांची दहावीतली मुलगी राहत होती, सासूबाईही अधूनमधून यायच्या. ब्रोकरचा सल्ला होता की भाडेकरूला विकायचं बोलूच नका, घाबरून सोडून जातील, व्हॅल्युएशनवाले येतायत म्हणून सांगू. आम्ही ऐकलं. तिसऱ्या रविवारी आलेल्या लोकांनी मुलीचं अभ्यासाचं टेबल सरकवून भिंत तपासली, आतल्या खोलीत सासूबाई झोपल्या होत्या तिथेही गेले, आणि संध्याकाळी भाडेकरू ताईंचा फोन आला, "ताई, घर विकताय तर आम्हाला सांगायचं ना, आम्ही काय नाही म्हणणार होतो?" मला काही बोलताच येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जाऊन भेटलो. ठरलं असं की मार्चमध्ये परीक्षा होईपर्यंत कुणीही बघायला येणार नाही, मग ते एप्रिलमध्ये सोडतील, अ‍ॅग्रीमेंटला दीड महिना बाकी असला तरी, आणि त्यांच्या टेम्पोचा खर्च आम्ही देऊ. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर न ठेवता साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. चावी दिली त्याच दिवशी डिपॉझिट परत केलं. म्हणून सांगते, तसाच विका की रिकामा, पहिलं भाडेकरूला सांगा. बघायला येणाऱ्यांसाठी आठवड्यातले ठरावीक दोन तास त्यांना विचारून ठरवा, आणि त्या महिन्यांचं भाडं थोडं कमी करा, ते पैसे वाया जात नाहीत.

मुदत संपूनही भाडेकरू हलत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. पण केस चालू असलेला फ्लॅट विकायला काढलात तर कुटुंबवाले फिरकणारच नाहीत.

मुंबईत हेवी डिपॉझिटवर दिलेला फ्लॅट असेल तर गणितच वेगळं. समजा १२ लाख डिपॉझिट घेतलंय आणि भाडं नावाला आहे किंवा नाहीच. ते १२ लाख तुम्ही कुठेतरी गुंतवलेत किंवा खर्च केलेत, भाडेकरू ते मिळाल्याशिवाय चावी देणार नाही, आणि घेणाऱ्याला रिकामा ताबा हवाय. अशा वेळी रिकामा करून विकू हे बोलायला सोपं आहे, आधी पैसे आणणार कुठून? इथे एक तर घेणाऱ्याच्या पैशातून थेट भाडेकरूचं डिपॉझिट चुकतं करायचं असं साठेखतातच, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारातच, लिहून घ्या, नाहीतर घेणारा भाडेकरूसकट घेतोय आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करतोय असं तरी लिहा.

तसाच विकायचं ठरलं तर साठेखतात भाडेकरूचा उल्लेख हवा, डिपॉझिट किती आणि ते कोण परत करणार, कुठल्या तारखेपासूनचं भाडं कुणाचं, हे सगळं हवं. भाडेकरूकडून डिपॉझिटच्या रकमेचं पत्र घ्या आणि नव्या मालकाच्या नावाने नवीन लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करायला लावा, त्यात भाडेकरूचंही भलं आहे. सोसायटीची थकबाकी आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते) आधी मिटवा, हे चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, बिल तपासून घ्या.

टॅक्सला भाडेकरू असण्या-नसण्याने फरक पडत नाही, तारखेने पडतो. घेऊन २४ महिने व्हायच्या आत विकलात तर नफा शॉर्ट टर्म धरतात आणि तो तुमच्या स्लॅबने जातो, तेव्हा दोन-तीन महिने कमी पडत असतील तर भाडेकरूला राहू द्या आणि थांबा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला फ्लॅट असेल आणि तुम्ही भारतात राहणारे असाल तर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के आणि इंडेक्सेशनसह २० टक्के, दोन्ही काढून जे कमी ते भरा. विकणारा परदेशात राहणारा असेल तर मात्र घेणारा साधा १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) कापून मोकळा होत नाही, कपात बरीच मोठी असते, ती कमी करायचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्सकडून आणायला वेळ जातो. तोपर्यंत फ्लॅट रिकामा ठेवण्यात काहीच अर्थ नाही, भाडेकरू राहू दे, सर्टिफिकेट हातात आलं की मग नोटीस द्या.

राहिला तिसरा मार्ग, भाडेकरूलाच विकणं. लोक हे शेवटी विचारतात, माझं मत आहे की सगळ्यात आधी विचारावं. त्याला ओल कुठे आहे, पाणी किती वाजता येतं, शेजारी कसे आहेत सगळं माहीत असतं, मुलांची शाळा बदलावी लागत नाही, ताब्याचा प्रश्नच नाही आणि ब्रोकरेज दोघांचंही वाचतं, त्यातलं थोडं किमतीत सोडायला हरकत नाही. फक्त लोन मंजूर होतंय का ते बघायला त्याला ठरावीक मुदत द्या, साधारण महिनाभर, आणि टोकन घेतल्यावरही खरेदीखत होईपर्यंत भाडं चालू राहील हे लिहून घ्या. आमच्या भाडेकरूंना आम्ही विचारलं ते फार उशिरा, तोवर त्यांनी रावेतला बुकिंग करून टाकलं होतं.