खेळणाऱ्यावर भरवसा किती? काही गेम आणि माझे गुण

मी गुण दहापैकी देते आणि माझ्याकडे पाच म्हणजे खरंच मध्यम. हे आधीच सांगते, कारण गेमच्या परीक्षणांत सातच्या खाली सहसा कुणी उतरतच नाही, आणि मग सात मिळालेला गेम लोक नापास धरून मोकळे होतात. हे आकडे बनवणाऱ्यांच्या पोटावरही येतात. २०१० मध्ये ‘फॉलआउट: न्यू वेगस’ आला तेव्हा तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा बोनस मेटाक्रिटिक ह्या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या साइटवरच्या, शंभरपैकी ८५ गुणांशी बांधलेला होता. गेमला पडले ८४. एका गुणापायी बोनस गेला, हे तिथेच काम करणाऱ्या ख्रिस अवेलोन यांनी पुढे जाहीर सांगितलं. म्हणून नुसता आकडा फेकून मी पुढे जात नाही. तो का दिला, हेही लिहिते.

माझा मुख्य निकष एकच आहे: खेळणाऱ्याच्या डोक्यावर गेमचा किती भरवसा आहे? ग्राफिक्स, मॅपचा आकार, किती तास पुरतो, हे सगळं त्यानंतर.

ह्या निकषावर ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’च्या जवळपास येणारे गेम फार थोडे. २०१८ चा हा गेम लुकस पोप ह्या एकट्या माणसानं बनवला. साल १८०७. बेपत्ता झालेलं व्यापारी जहाज परत किनाऱ्याला लागलंय, त्यावर जिवंत कुणीच नाही, आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावर ६० जण होते. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, मारलं असेल तर कुणी, एवढं नोंदवहीत भरायचं. हातात एक घड्याळ असतं. सांगाड्यापाशी ते उघडलं की आधी काळ्या पडद्यावर मरणापूर्वीचे आवाज ऐकू येतात, मग तो क्षण थिजलेला समोर उभा राहतो आणि तुम्ही त्यात हिंडून बघायचं. बाण नाही, चमकणारी वस्तू नाही, ‘इथे बघा’ म्हणणारं कुणी नाही.

हा गेम मी बाबांबरोबर खेळले. कंट्रोलर माझ्या हातात, वही-पेन त्यांच्या. मी चेहरे आणि गणवेश बघत पुढे चालले होते आणि बाबा एकदम म्हणाले, “थांब गं, मागे जा. त्या झोळ्यांना बिल्ले लटकलेत बघ. आकडे आहेत त्यांवर.” खलाशी जहाजात ज्या टांगलेल्या झोळ्यांमध्ये झोपतात, त्या. आणि खलाशांच्या यादीत प्रत्येक नावापुढे क्रमांक असतोच! यादी पहिल्यापासून आमच्या समोर होती, झोळ्याही बघून झाल्या होत्या, पण दोन्हींची गाठ मारून द्यायला गेम आला नाही. ती आम्ही मारली. त्यानंतर बाबा जेवतानाही बुटांबद्दल बोलायला लागले. (बूट का, ते खेळलेल्यांना कळेल. इतरांना सांगणार नाही.)

आणखी एक हुशारी आहे. तीन जणांची माहिती बरोबर भरली गेली तरच गेम ती पक्की करतो. एकेक नाव तपासून मिळालं असतं तर नावं आलटून-पालटून लावत कुणीही शेवटाला पोहोचलं असतं. तीनच्या अटीमुळे अंदाजपंचे काम फार लांब जात नाही, पण निम्मा पुरावा हाती असताना धाडस करायला वाव राहतो. खटकलं ते इतकंच, की एखादा प्रसंग पुन्हा बघायचा तर जहाजभर चालत त्याच सांगाड्यापाशी जावं लागतं, आणि शेवटच्या काही जणांच्या बाबतीत पुरावा इतका विरळ होतो की ‘उरला तो हा’ असं करून नावं लावावी लागतात. अर्धा गुण तिथे गेला. ९.५.

पूर्ण दहा मी ‘आउटर वाइल्ड्स’ला दिलेत, आणि जपून दिलेत. मोबियस डिजिटलचा हा गेम २०१९ चा. छोटीशी सूर्यमाला, एक मोडकंतोडकं वाटणारं यान, आणि २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट. सगळं संपतं आणि तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. ह्या फेऱ्यांमध्ये तुमची ताकद वाढत नाही, नवं हत्यार मिळत नाही, यानाचं इंजिन सुधारत नाही. मागच्या फेरीतून पुढच्या फेरीत येतं ते फक्त जे कळलं ते. पहिल्याच फेरीतसुद्धा गेमच्या शेवटाला पोहोचता येईल. अडतं एवढ्यावरच, की कसं ते ठाऊक नसतं.

शिवाय ग्रह स्वतःच घड्याळासारखे चालतात. एकमेकांभोवती फिरणारे दोन जुळे ग्रह आहेत. एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जात असते. म्हणजे एकीकडे गुहा हळूहळू बुजत जातात आणि दुसरीकडे पुरलेल्या इमारती वर येतात. बुजणाऱ्या ग्रहावर मी एका बोळात उभी राहून भिंतीवर नागमोडी कोरलेला मजकूर वाचत होते. वाळू पायाशी आली होती, छत दर मिनिटाला जवळ येत होतं, आणि मजकुराची शेवटची फांदी वाचायची राहिली होती. निघावं की वाचावं? कुणी सेकंद मोजून दाखवत नव्हतं, लाल दिवा लागत नव्हता. मी वाचत राहिले आणि चिरडले गेले. पण वाचलं ते पुढच्या फेरीत कामाला आलं.

दोष आहेत. एखाद्या अवघड जागी मेलात तर तोच प्रवास पहिल्यापासून करावा लागतो. यानाचं ऑटोपायलट वाटेत सूर्य आला तरी सरळ नाकासमोर जातं. यान उतरवताना सुरुवातीला हात बसत नाही. तरीही दहाच, कारण हा गेम आयुष्यात एकदाच नवा असतो आणि त्या एकदाचं त्यानं सोनं केलंय. कुणी सांगायला लागलं तर कान झाका. १०.

आता दुसरं टोक. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक’, नोव्हेंबर २०२२. कुऱ्हाड फेकावी, बटण दाबावं, ती भिरभिरत परत यावी आणि तळहातावर आपटताना कंट्रोलरनं हिसका द्यावा: ह्या एका गोष्टीवर मी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवल्यात. बाप-लेकाची गोष्टही मनापासून लिहिलेली आहे. पण कोड्यापाशी पोहोचून मी नुसती मान वळवून बघायला लागते न लागते, तोच सोबत चालणारं कुणीतरी बोलून मोकळं होतं. ‘ते गोठवता येईल’, ‘तिकडे वर काहीतरी आहे’. अरे, बघू तर दे! ज्यांनी इतकी देखणी कोडी रचली त्यांनाच ती आपण सोडवू असा विश्वास नसावा, ह्याचं मला वाईट वाटतं. आणि मी खेळले तेव्हा ही मदत बंद करायला साधं बटणही सापडलं नाही. मारामारीला ९, कोड्यांना ४. एकूण ७.

‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ची तऱ्हा तीच, फक्त इथे नायिका एलॉय स्वतःशीच बोलते. कुठे चढायचं, काय ओढायचं, आपल्याला सुचायच्या आत तिला सुचलेलं असतं. सामान साठवणीच्या पेटीत गेलं की तेही ती सांगायची. एवढ्या वेळा, की पुढे अपडेट काढून ते बोलणं कमी करावं लागलं. वाईट ह्याचं वाटतं की लढाईत हाच गेम खेळणाऱ्याला पूर्ण मोकळं सोडतो. थंडरजॉ नावाच्या अजस्र यंत्रप्राण्याच्या पाठीवर चकत्या फेकणारा लाँचर असतो. नेम धरून तो तोडायचा, धावत जाऊन उचलायचा आणि त्याच्यावरच चालवायचा. तिथे एलॉय गप्प राहिली असती तरी चाललं असतं, कारण बाण मारायचा कुठे हे यंत्राच्या अंगावरच दिसतं. ६.५.

हा गेम आला १८ फेब्रुवारी २०२२ ला. आठवड्यानं, २५ तारखेला, ‘एल्डन रिंग’. उघड्यावर पहिलं पाऊल टाकलं की रस्त्यावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार येरझाऱ्या घालत असतो. त्याच्या अंगावर गेलात की दोन वारांत खल्लास. पाटी नाही, धोक्याची घंटा नाही. पण आजूबाजूला सगळं मोकळं रान आहे, आणि मग आपल्यालाच उमगतं की ह्याला आत्ता हात लावायलाच हवा असं नाही. उठून दुसरीकडे जा, थोडं शिकून ये, मग बघू. अख्ख्या गेमचा धडा त्या एका स्वारात आहे, आणि तो पाटीवर लिहिलेला नाही म्हणूनच कायमचा लक्षात राहतो.

मात्र भरवसा टाकणं वेगळं आणि माहितीच न देणं वेगळं. इथली पात्रं आपलं बोलणं अर्धवट सोडून निघून जातात. पुढे कुठे भेटतील ह्याचा सुगावा कधी असतो, पुष्कळदा नसतो. मार्च २०२२ च्या अपडेटनं भेटलेल्या पात्रांची खूण मॅपवर दिसायला लागली, तीही काही फार मोठी मदत नव्हे. त्यात भुयारी थडगी एकमेकांसारखी आणि तेच बॉस, म्हणजे मोठे शत्रू, पुन्हा पुन्हा. उत्तरार्धात काही शत्रूंचा मार इतका वाढतो की शिकायला उसंत मिळत नाही. किल्ल्यांचा आणि रानाचा भाग दहाच्या तोडीचा, बाकीच्यानं खाली ओढला. ८.५.

‘सेलेस्ट’बद्दल (२०१८) थोडक्यात, कारण त्याच्यावर खूप लिहून झालंय. डोंगर चढणारी मॅडेलिन, एका वेळी एक पडदा, मेलात की निमिषात तिथूनच पुन्हा. कठीण आहे, पण खडूस नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतो, म्हणजे तुमचा हेतू ओळखून घेतो. असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो, दम न संपणारा करता येतो, मरणच बंद करता येतं, आणि त्याबद्दल गेम हिणवत नाही. तुम्हाला काय झेपतं ते तुम्हालाच कळतं, हाही भरवसाच. पाचव्या प्रकरणातल्या अंधाऱ्या देवळात मागे लागणारे प्राणी मला आवडले नाहीत. तिथे उड्यांची लय तुटते. ९.

‘बाल्डर्स गेट ३’ (ऑगस्ट २०२३) ९. काम देणाऱ्यालाच मारून टाकलंत, दार उघडायच्या ऐवजी छतावरून उतरलात, कुणाशी बोलायचंच नाही असं ठरवलंत, तरी गोष्ट वाट काढते. बरंच काही फाशावर ठरतं. तो वाईट पडला तर निकाल गिळून पुढे खेळा. सेव्ह मागे घेत बसाल तर अर्धी मजा जाईल. तिसऱ्या अंकात पसारा आवरत नाही.

त्याच्याच पुढच्या महिन्यात आलेला ‘स्टारफील्ड’ ५. हजारावर ग्रह, आणि त्यांतल्या बहुतेकांवर उतरून मला करण्यासारखं काही सापडलं नाही. यानातून ग्रहावर जाणं म्हणजे मेनू आणि लोडिंगचा पडदा. यान स्वतः बांधायचा भाग उत्तम आहे, पण बांधून जायचं कुठे?

शेवटी ‘ट्यूनिक’, मार्च २०२२ चा, जो ओब्रा डिनच्या पंगतीत बसतो. हिरवा अंगरखा घातलेला छोटा कोल्हा. गेमची माहितीपुस्तिका गेममध्येच विखुरलेली, एकेक पान शोधायचं. पानांवरची लिपी बनवलेली. मधेच एखादा ओळखीचा शब्द, चित्रं, आणि समासात आधीच्या कुणीतरी पेनानं केलेल्या खुणा. एका पानावरून कळतं की काही वस्तू पुतळ्यापाशी वाहिल्या की ताकद वाढते. म्हणजे हे पहिल्यापासून करता येत होतं! गुपचूप जिने आणि आडवाटाही तशाच, कॅमेऱ्याच्या कोनाआड झाकलेल्या, पण कधीच बंद नसलेल्या. ते पान मिळाल्यावर मी मागे जाऊन सगळे पुतळे पुन्हा पालथे घातले.

लढाई मात्र कोड्यांच्या मानानं राठ आहे आणि सीज एंजिन नावाच्या बॉसपाशी अडचण अचानक वाढते. तिथे अडलात तर सेटिंगमध्ये जाऊन ‘नो फेल मोड’ चालू करा आणि पुढे व्हा. ह्या गेमचा जीव पुस्तिकेत आहे, बॉसमध्ये नाही. कागद-पेन जवळ घेऊन बसा. ९.