ईएसआयचा आजारपणाचा भत्ता: गोव्यातल्या कामगाराला कितपत पुरतो, आणि मयताच्या वेळी का पुरत नाही

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, ही दर महिन्याला पगारातून पाऊण टक्का घेणारी सेवा आहे. पैसे आपण देतो, तेव्हा बदल्यात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे नीट तपासून घ्यायला हवे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, आणि दहा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या ठिकाणच्या कामगाराला ईएसआय लागू होते. मग तो वेर्ण्याच्या औषध कंपनीत असो, कुंडई-तुयेच्या कारखान्यात असो की कळंगुटच्या हॉटेलात. १८,००० पगार असेल तर कामगाराचे १३५ रुपये जातात आणि मालकाचे ५८५. सेवा चांगली आहे. तक्रार तिच्या अटी कुणी समजावून सांगत नाही याची आहे, आणि त्याहून मोठी तक्रार म्हणजे घरात मयत झाले की लोक या आजारपणाच्या भत्त्यालाच सुतकाची रजा करू पाहतात.

आधी भत्ता. सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि ती वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. रोजचा पगार सरासरी ६०० रुपये पडत असेल तर दिवसाला ४२० रुपये. पहिले दोन दिवस कोरडे जातात. म्हणजे बारा दिवस डेंगीने अंथरुणावर असलेल्याला दहा दिवसांचे ४,२०० रुपये मिळतील. मात्र पहिला आजार संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला, तर ते दोन दिवस दुसऱ्यांदा कापत नाहीत. क्षयरोग, कर्करोग अशा ठरवलेल्या ३४ दीर्घ आजारांत दर ८० टक्के होतो आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी लागते आणि चार वर्गणीकाळांत, म्हणजे चार सहामाहींत, मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते.

माणसे अडकतात ती ७८ दिवसांच्या अटीवर. ही अट चालू महिन्यांची नसते, मागच्या सहामाहीची असते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये भत्ता मिळतो. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरला उपयोगी पडते. नोकरीत पहिल्यांदाच लागलेल्याला नऊ महिने थांबावे लागते. गोव्यात याचा सर्वांत मोठा फटका पावसाळ्यात माणसे कमी करणाऱ्या हॉटेलांतल्या कामगारांना बसतो. एप्रिल आणि मे मिळून ६१ दिवस होतात. जूनला काम थांबले आणि ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले, तर ऐन हंगामात, फेब्रुवारीत टायफॉईड झालेल्या वेटरच्या नावावर ७८ दिवस भरतच नाहीत. पगारातून कपात चालू असते, दवाखान्यात औषध मिळते, पण रोख भत्ता मिळत नाही. हंगामी माणसाने हे आधीच धरून चालावे आणि वाटाघाटीत मालकाकडे पगारी आजारपणाची रजा वेगळी मागावी.

दुसरी अडचण ठेकेदार बदलल्यावर येते. विमाधारकाचा दहा आकडी क्रमांक आयुष्यभर एकच असायला हवा. नवा ठेकेदार घाईत नवा क्रमांक काढतो, वर्गणी दोन क्रमांकांत वाटली जाते आणि दोन्हीकडे ७८ भरत नाहीत. कामावर रुजू होतानाच जुने ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचे ओळखपत्र, पुढे करावे, आणि पहिली पगारस्लिप आली की तिच्यावर तोच क्रमांक आहे ना, हे पाहावे. दोन क्रमांक झालेच असतील, तर जोडून घ्यायला ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज करावा, तोही आजारी पडण्याआधी.

आजारी पडल्यावर पहिल्याच दिवशी आपल्या ईएसआय दवाखान्यात जावे. अंगात उठायची ताकद नसताना हे सांगणे कठोर वाटते, पण दाखला डॉक्टरांनी तपासल्यावर मिळतो, मागच्या तारखेचा मागून चालत नाही. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी कंपनीला चालेल, भत्त्याला ती आपोआप चालत नाही. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भरती व्हावे लागले, तर डिस्चार्ज कार्डाची प्रत घेऊन आपल्या दवाखान्यात दाखवावी. पहिला दाखला, मग साधारण आठवड्या-आठवड्याने मधला, आणि शेवटी कामावर जायला हरकत नाही असा अंतिम दाखला, अशी साखळी असते. मधला एक चुकला की तेवढे दिवस लटकतात. दावा शाखा कार्यालयात किंवा विमाधारकाच्या पोर्टलवरून करता येतो. कागद पूर्ण असतील तर सात दिवसांत पैसे द्यायचे, असा नियम आहे. बँक विलीन होऊन आयएफएससी बदलला असेल तर पैसे परत जातात, तेवढे आधी बघून घ्यावे.

शाखा कार्यालय कंपनीकडून एक पडताळणीही मागते: या दिवसांत हा माणूस कामावर नव्हता ना, त्याला पगार दिला नाही ना? ज्या दिवसांची पगारी रजा घेतली, त्या दिवसांचा भत्ता मिळत नाही. एचआरने चांगुलपणाने दहापैकी चार दिवस पगारी रजेत टाकले आणि ते कामगाराला कळवलेच नाही, की दावा अडतो. कोणते दिवस कशात जाणार, ते पहिल्याच फोनवर ठरवून घ्यावे.

आता मयताचे. घरातले माणूस गेल्यावर ही सेवा एक दिवसही देत नाही. अंत्यविधीसाठी १५,००० रुपये मिळतात, ते विमाधारक स्वतः गेला तरच, आणि त्याचा दावा तीन महिन्यांत करायचा असतो. आईवडील गेले तर काही नाही. दुःखाच्या रजेचा वेगळा हक्क जुन्या कारखाने कायद्यानेही दिलेला नव्हता. मग कुणीतरी सल्ला देते, ‘डॉक्टरची चिठ्ठी घे.’ हा सल्ला वाईट आहे. तीन दिवसांसाठी चिठ्ठी घेतली तर दोन दिवस कोरडे जाऊन हातात ४२० रुपये येतात. तेरा दिवसांसाठी घेतली, तर खरे आजारपण येईल तेव्हा लागणारे ९१ दिवस कमी होतात. शिवाय भत्त्यासाठी खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे, आणि स्मशानातला फोटो गावभर फिरत असताना कंपनीत तापाची नोंद टिकत नाही. इतका धोका पत्करून आपल्या माणसाच्या जाण्याला ताप म्हणावे लागते, ही लाज कामगाराची नाही, रजेच्या नियमांची आहे.

पण दुःखाने माणूस खरोखर आजारी पडतो, हेही तितकेच खरे. झोप उडते, साखर वाढते, रक्तदाब चढतो, काहींना महिन्याभरानंतर काहीच सुचेनासे होते. अशा वेळी डॉक्टरांना घरात मयत झाल्याचे सांगूनच तपासून घ्यावे. तो दाखला खरा असतो आणि भत्ताही हक्काचा असतो.

कंपनीकडून काय लिहून घ्यावे? केंद्राच्या १९४६ च्या नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यात, नैमित्तिक रजा वर्षाला दहा दिवस होती आणि आजारपण सोडून एका वेळी तीनच दिवस. त्यातच रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर न झाल्यास नोकरीवरचा हक्क जाण्याची तरतूद होती. कित्येक कारखान्यांचे नियम याच नमुन्यावर बेतलेले आहेत. पेडणे, सत्तरीतल्या किंवा दोडामार्गहून रोज येणाऱ्या कामगाराच्या घरी क्रियेला बसलेला मुलगा तेराव्यापर्यंत बाहेर पडत नाही, हे त्यात कुठेच बसत नाही. तीन दिवसांच्या रजेवर गेलेला माणूस तेरा दिवसांनी आला, तर त्याची नोकरी ताणलेल्या दोरीवर असते. म्हणून पहिल्याच दिवशी, सहकाऱ्याच्या हातून का होईना, ‘तेराव्यापर्यंत रजा हवी, शिल्लक पगारी रजा त्यात धरावी’ असा लेखी निरोप द्यावा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, फोनवरचे बोलणे पुरत नाही.

आमच्या मते किमान पाच पगारी दिवस हवेत, शिल्लक रजेला हात न लावता, आणि ते तोडून घेता यावेत. तीन दिवस लगेच, दोन दहाव्या-बाराव्याला. ख्रिस्ती कामगाराला तेच सातव्या दिवसाच्या किंवा महिन्याच्या मिस्साला लागतील. मुस्लिम विधवेचा इद्दतीचा काळ चार महिने दहा दिवसांचा असतो, तिथे बिनपगारी का होईना, नोकरी राखून ठेवणारी लांब रजा लागते. ‘कुटुंब’ या शब्दात सासूसासरे, आणि आजीच्या हातून वाढलेल्यांची आजीही यायला हवी.

मृत्यूचा दाखला तिसऱ्या दिवशी मागणारी कंपनी चुकते. मृत्यूची नोंद करायला २१ दिवस असतात, आणि ती माणूस जिथे गेला तिथल्या पंचायतीत किंवा पालिकेत होते, घर जिथे आहे तिथे नाही. डिचोलीचा माणूस मडगावला गेला तर फेऱ्या मडगावच्या. दाखला द्यायला तीस दिवसांची मुदत असावी. प्रती मात्र भरपूर काढाव्यात, कारण बँक, भविष्यनिर्वाह निधी, सब-रजिस्ट्रारकडचा वारसांचा दस्त आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचा नावबदल, सगळीकडे तो लागतो. यातली बहुतेक कचेरीची कामे शनिवार-रविवारी होत नाहीत, तेव्हा पाचांपैकी न वापरलेला दिवस पुढच्या तीन महिन्यांत कधीही घेता येईल, एवढे वाक्य कंपनीकडून लिहून घेताना आवर्जून घालून घ्यावे.