शिरोलीतली सँड लॅब: दगडातलं पाणी मोजायचं असेल तर इथे जा

भूशास्त्राचे विद्यार्थी मला नेहमी विचारतात, की कोल्हापुरात दगडातलं पाणी मोजून कोण देतं? माझं उत्तर आहे शिरोली एमआयडीसीतली, फाउंड्रीची (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची) वाळू तपासणारी एक छोटी लॅब. जाहिरात नको, असं मालकांनी स्पष्ट सांगितलंय, म्हणून नाव लिहीत नाही. फाउंड्रीत काम करणारं कुणीही ओळखीचं असेल तर पत्ता मिळेल. शिवाय खाली जे लिहिलंय ते कुठल्याही सँड लॅबला विचारून घेता येईल.

आधी आमचं काम काय ते सांगते. आमच्या कॉलेजातली एमएस्सीची मुलं समुद्रतळावरच्या बेसाल्टमधल्या पाण्याचा अंदाज मशीन लर्निंगने बांधतायत. समुद्राखाली नुकत्याच थिजलेल्या लाव्ह्यात पाणी थोडंच असतं, साधारणपणे वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत. पण त्याच्या भेगांतून लाखो वर्षं समुद्राचं पाणी फिरतं, लाव्ह्यातल्या काचेची आणि ऑलिव्हिन या खनिजाची माती होते. सॅपोनाइट, सेलॅडोनाइट, झिओलाइट, क्लोराइट अशी खनिजं तयार होतात आणि पाणी त्यांच्या स्फटिकांत अडकून बसतं. मग प्रमाण काही टक्क्यांवर जातं. हा तळ दुसऱ्या प्लेटखाली (भूपट्टाखाली) सरकला की ते पाणी खोलवर सुटतं, त्याच्यावरचं मॅंटल (पृथ्वीच्या कवचाखालचा थर) कमी तापमानाला वितळायला लागतं आणि ज्वालामुखी उभे राहतात. अंदमानातलं बॅरन बेट असंच उभं राहिलंय. म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

अडचण अशी की बेसाल्टमध्ये बोअर मारली तरी कोअर (बोअरमधून वर काढलेला दगडाचा दंडगोल) सलग हाताला लागत नाही, कितीतरी ठिकाणी अर्ध्याहून कमीच वर येते. बोअरमध्ये सोडलेली उपकरणं मात्र सलग नोंदी देतात: घनता, ध्वनीचा वेग, रोधकता, नैसर्गिक गॅमा. न्यूट्रॉनचं उपकरण हायड्रोजन मोजतं, पण तो हायड्रोजन भेगेतल्या खाऱ्या पाण्यातला की मातीच्या स्फटिकातला, हे त्याला कळत नाही. दोन्ही एकत्र धरून ते सच्छिद्रता फुगवून दाखवतं. हे वेगळं काढायला मॉडेल उपयोगी पडतं. जिथे कोअर मिळाली तिथलं मोजलेलं पाणी उत्तर म्हणून द्यायचं, त्याच खोलीच्या नोंदी प्रश्न म्हणून द्यायच्या, आणि रँडम फॉरेस्ट या मशीन लर्निंगच्या पद्धतीला त्यांचा संबंध शोधू द्यायचा. डेटा खुला आहे. आपल्या अरबी समुद्रातलाही आहे: २०१५ साली जॉइडेस रेझोल्यूशन या समुद्रतळात बोअर मारणाऱ्या जहाजाच्या ३५५ व्या मोहिमेत लक्ष्मी खोऱ्यात सुमारे अकराशे मीटर गाळाखाली बेसाल्ट लागला होता.

तर मग यात शिरोलीची लॅब कुठे आली? उत्तराच्या रकान्यात. बहुतेक जुन्या डेटात पाणी थेट मोजलेलं नसतं, एलओआय असतं, म्हणजे भट्टीत तापवल्यावर घटलेलं वजन. आणि एलओआय हा फाउंड्रीवाल्यांचा रोजचा शब्द आहे. ग्रीन सँडमध्ये (साच्यांच्या ओल्या वाळूत) मॉइश्चर किती, कोळशाची पूड किती, हे बघायला ते दिवसभर क्रुसिबल (उष्णता सोसणारी छोटी वाटी) भट्टीत घालत असतात. मुलांनी कॉम्प्युटरवर हजारो ओळी बघितल्या होत्या, पण तो आकडा जन्माला कसा येतो ते बघितलं नव्हतं. म्हणून पन्हाळा आणि जोतिबा रस्त्याच्या कडेचे बेसाल्ट घेऊन आम्ही इथे येऊ लागलो. (आमच्या भागातल्या लाव्ह्याच्या एका थराला भूशास्त्रात पन्हाळा फॉर्मेशन असंच नाव आहे.)

लॅब सांभाळणारे काका भूशास्त्र शिकलेले नाहीत, पण माती त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते. मी सॅपोनाइटबद्दल सांगत होते तेव्हा म्हणाले, "म्हणजे आमच्या बेंटोनाइटच्याच भावकीतलं की ओ मॅडम! बेंटोनाइट एकदा जळलं की मेलं. मग किती बी पाणी मारा, धरत न्हाई." अगदी बरोबर. बेंटोनाइट ही फाउंड्रीची वाळू बांधून ठेवणारी माती. ती आणि सॅपोनाइट दोन्ही स्मेक्टाइट गटातले, म्हणजे थरांमध्ये पाणी धरणारे. थरांमधलं पाणी शंभर-सव्वाशे अंशांना बरंचसं निघून जातं आणि हवेतून परतही येतं. स्फटिकाच्या रचनेतलं पाणी पाचशे-सहाशेच्या पुढे सुटतं, ते गेलं की माती कायमची मरते. फाउंड्रीत त्यालाच डेड क्ले म्हणतात. आमच्या पुस्तकातले एच-टू-ओ मायनस (थरांमधलं) आणि एच-टू-ओ प्लस (रचनेतलं) ते हेच. ही शिकवणी मुलांना वर्गात मिळाली नसती.

आता या लॅबची खरी किंमत कशात आहे ते सांगते. ते सगळी वजनं लिहून देतात. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी नमुने दिले होते, तिथून फक्त शेवटची टक्केवारी आली. किती अंशांना, किती वेळ, आधी वाळवलं होतं का, काहीही नाही. इथली चिठ्ठी बघा: रिकामं क्रुसिबल २१.४३८६ ग्रॅम, नमुन्यासकट २३.४४१०, ११० अंशांनंतर २३.४०१८, ९५० नंतर २३.३७६२. म्हणजे वाळवताना १.९६ टक्के गेलं, आणि वाळलेल्या वजनाच्या १.३० टक्के भट्टीत. पण हे १.३० म्हणजे पाणी नव्हे. बेसाल्टमधलं फेरस लोह तापल्यावर ऑक्सिजन घेतं आणि वजन वाढवतं. दगडात नऊ टक्के फेरस ऑक्साइड असेल आणि सगळं बदललं, तर जवळजवळ एक टक्का वजन आत येतं. मग बाहेर गेलेलं खरं २.३ च्या घरात. ताज्या बेसाल्टमध्ये तर एलओआय उणेही येतं. उलट पोकळ्यांत कॅल्साइट असेल तर कार्बन डायऑक्साइडही पाणी म्हणून मोजला जातो.

मॉडेलला यातलं काहीच माहीत नसतं. रकान्यात जे लिहिलं तेच ते शिकतं. जहाजावर १,०२५ अंशांना तापवलेलं, दुसरीकडे ९५० ला तापवलेलं, एका ठिकाणी आधी वाळवलेलं, एका ठिकाणी नाही, हे सगळं 'पाणी' या एकाच नावाखाली घातलं तर मॉडेल दगड नाही, लॅबच्या सवयी शिकेल. शिरोलीची वजनं हातात आल्यावर मुलांनी स्वतःहून डेटाला तापमानाचा आणि वाळवण्याचा रकाना जोडला. त्याच जोरावर पुढचा प्रश्नही आला: एकाच बोअरचे शेजारशेजारचे तुकडे शिकवण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे गेले तर ती परीक्षा कसली? मग अख्खी बोअर बाजूला ठेवून तपासणी केली, सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रुप-के-फोल्ड नावाची सोयच आहे. गुण घसरले. मला तो घसरलेला आकडा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण नव्या बोअरला सामोरं जाताना मॉडेलचं खरं बळ तेवढंच असणार.

उणिवाही आहेत. फेरस लोहाचं टायट्रेशन इथे होत नाही, ते कॉलेजात करून घ्यावं लागतं, आणि त्याशिवाय वरची दुरुस्ती करताच येत नाही. पाणी थेट मोजणारं कार्ल फिशर उपकरणही नाही. दगड दळायची त्यांची चक्की पोलादी आहे. लोखंडाचे कण मिसळतात आणि दळताना नमुना तापतो, म्हणून आपल्याच अगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात कुटून न्यावं. पावसाळ्यात जाणं टाळा. जुलैत वाळवलेला नमुना डेसिकेटरमधून (कोरडी हवा राखणाऱ्या बंद भांड्यातून) काढून काट्यावर ठेवला की शेवटचा आकडा डोळ्यांदेखत चढायला लागतो, माती हवेतलं पाणी ओढते म्हणून. काका झाकण लावूनच वजन करतात, तरीही उन्हाळ्यातले आकडे जास्त स्थिर येतात. एका नमुन्याचा दर तांबड्या-पांढऱ्याच्या एका ताटाइतका, विद्यार्थ्यांसाठी त्याहून कमी.

आधी फोन करून जा, फाउंड्रीचं काम त्यांना पहिलं असतं. नमुना देताना ५५० अंशांचा मधला टप्पा मागून घ्या, त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. बहुतेक कॅल्साइट त्यानंतरच फुटतो, त्यामुळे हिशेब थोडा सुटा होतो. क्लोराइट असलेल्या दगडात मात्र या टप्प्यावर भिस्त ठेवू नका, त्याचं पाणीही कॅल्साइटबरोबरच वर निघतं. आणि चिठ्ठीवर ५५० चं धरून पाचही वजनं आहेत ना, ते निघण्यापूर्वी बघून घ्या.