बीएमडब्ल्यू एम २ : दहा महिने, आठ हजार सहाशे किलोमीटर आणि न घेतलेली ई-क्लास

२०२५ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, आम्ही बीएमडब्ल्यूची एम २ कूपे, म्हणजे दोन दरवाजांची गाडी, घरी आणली. आज दहा महिन्यांनी तिचे आठ हजार सहाशे किलोमीटर पूर्ण झाले आहेत. आमच्या यादीत शेवटपर्यंत टिकलेली दुसरी गाडी होती मर्सिडीज-बेंझची लांब व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) ई-क्लास सेदान, आणि घरातील तीन मतांपैकी दोन तिच्याच बाजूने होती. हा प्रश्न सगळे ‘वेग की आराम’ अशा शब्दांत मांडतात. आम्हीही तसाच मांडला होता. दहा महिने गाडी चालवल्यावर मात्र ध्यानात आले की गाडीत कोण, कोणत्या आसनावर आणि आठवड्यातून किती वेळा बसणार, हे आधी ठरवले असते तर तीन महिन्यांची चर्चा एका संध्याकाळी संपली असती.

आकड्यांचा भाग प्रथम उरकतो. नवी ई-क्लास ऑक्टोबर २०२४ मध्ये आली तेव्हा ई २०० ची एक्स-शोरूम किंमत ७८.५ लाख रुपये होती; सुधारित एम २ पुढच्याच महिन्यात १.०३ कोटींना आली. महाराष्ट्रात वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रस्ता कर लागत असल्याने साडेचोवीस लाखांचा हा फरक प्रत्यक्षात आणखी तीन लाखांनी वाढतो. कंपनीच्या नावावर घेतल्यास घसाऱ्याचा लाभ मिळतो खरा, परंतु रस्ता कर २० टक्के होतो, म्हणून आम्ही तो मार्ग सोडला. गंमत अशी की ई-क्लासची जुळणी चाकणला होते, म्हणजे भोसरीतील आमच्या वर्कशॉपपासून फार लांब नाही, आणि एम २ मात्र मेक्सिकोतील सान लुईस पोतोसी येथून पूर्ण तयार होऊन, सीमाशुल्काचा भार घेऊन येते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, उपकर गेला आणि या वर्गातील गाड्यांच्या किमती काही लाखांनी उतरल्या. पाडव्याचाच मुहूर्त कशाला धरला, हा प्रश्न त्यानंतर घरात बरेच दिवस विचारला जात होता.

ई-क्लासची चाचणी आम्ही दोनदा घेतली. पहिल्यांदा मी कर्वे रस्त्याने चालवली. गाडी शांत होती, खड्ड्यांचा आवाज आत जवळजवळ येत नव्हता, आणि २०४ अश्वशक्ती शहरात कधीही अपुरी वाटली नाही. दुसऱ्यांदा पत्नीने गाडी चालवली आणि मी मागे डाव्या बाजूला बसलो. तेव्हा कळले की ३०९४ मिलिमीटरच्या व्हीलबेसचा आणि ३६ अंशांपर्यंत मागे कलणाऱ्या आसनाचा सारा खटाटोप याच एका जागेसाठी आहे. पुढचे आसन मागून सरकवता येते, पाय पूर्ण पसरता येतात, आणि एरंडवण्याहून औंधपर्यंतच्या रहदारीत मला चक्क डुलकी लागली. गाडीची याहून मोठी स्तुती करता येणार नाही, परंतु माझा निर्णयही तिथेच झाला. आमच्याकडे चालक नाही आणि ठेवण्याचा विचारही नाही. ही गाडी मी घेतली असती तर तिच्यातील सर्वांत चांगली जागा आठवड्याचे सहा दिवस रिकामी राहिली असती. ३८१ अश्वशक्तीची ई ४५० तेव्हा ९२.५ लाखांना मिळत होती आणि तिचाही विचार झाला. पण ताकद वाढली म्हणून ती जागा काही पुढे येत नव्हती.

एम २ मध्ये चालकाचे आसन हेच मुख्य आसन आहे आणि बाकीची तीन त्याच्या सोयीने बसवलेली आहेत. तीन लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले ट्विन-टर्बो इंजिन, ४८० अश्वशक्ती, ऑटोमॅटिकमध्ये ६०० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर), आणि सगळी ताकद फक्त मागच्या चाकांना. सहा गिअरची मॅन्युअलही मिळते, आणि मनातून तीच हवी होती. पण विद्यापीठ चौकातील संध्याकाळी डोळ्यांसमोर आल्या आणि मी ऑटोमॅटिकवर सही केली. शून्यावरून शंभरला ही गाडी सुमारे चार सेकंदांत पोहोचते, आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाटीची मर्यादाच ताशी शंभर आहे. म्हणजे ज्यासाठी एवढे पैसे मोजले ते उर्से टोलनाक्यातून बाहेर पडताना चार सेकंदांत संपते, आणि पुढचा सगळा रस्ता कॅमेऱ्यांच्या नजरेखाली इतरांच्याच वेगाने कापावा लागतो. केवळ वेगासाठी ही गाडी घेऊ पाहणाऱ्याने हा हिशेब आधीच करून ठेवावा.

मला तिच्यातला आनंद कमी वेगातच सापडला. रविवारी पहाटे साडेपाचला निघून पौडमार्गे मुळशीचे धरण उजवीकडे ठेवत ताम्हिणीच्या तोंडापर्यंत जायचे आणि नऊच्या आत नाश्त्याला परत यायचे, हा आता नेम झाला आहे. वळणात शिरताना स्टिअरिंगला मिळणारा जडपणा, ब्रेकची नेमकी पकड आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा बदलणारा सूर, हे ताशी पन्नास-साठच्या वेगातही पूर्ण मिळते. पावसाळ्यात मात्र मी हा नेम मोडला, कारण ओल्या घाटात मागच्या चाकांना इतकी ताकद देणारी गाडी हलक्या पायानेच हाताळावी लागते आणि शनिवार-रविवारी तिथे धबधब्यांपाशी माणसेच माणसे असतात.

ज्याचा मी अजिबात विचार केला नव्हता ती गोष्ट म्हणजे दरवाजे. आमच्या सोसायटीतील पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आहे. एम २ ची लांबी ४.५८ मीटर असल्यामुळे ती तिथे सहज मावते, तर ई-क्लास पाच मीटरहून अधिक लांब असल्याने तिचे नाक येण्या-जाण्याच्या वाटेवर आले असते आणि सचिवांचे पत्रही लगोलग आले असते. परंतु एम २ ची रुंदी १८८७ मिलिमीटर आहे. म्हणजे गाडी अगदी मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना जेमतेम तीस सेंटिमीटर उरतात. चार दरवाजांच्या गाडीचा दरवाजा आखूड असतो, तो थोडासा उघडून माणूस बाहेर पडतो; कूपेचा दरवाजा लांबलचक, त्याला जागा जास्त लागते. उजवीकडे खांब आहे. त्यामुळे मी गाडी डावीकडे दाबून लावतो, आणि सोबतच्यांना आधी फाटकापाशी उतरवावे लागते. शोरूमच्या मोकळ्या फरशीवर हे कधीच कळत नाही. चाचणीची गाडी स्वतःच्या पार्किंगमध्ये लावून बघण्याचा आग्रह मी धरायला हवा होता.

गतिरोधकांबद्दल मात्र माझी भीती अर्धीच खरी ठरली. बुटक्या गाडीचे नाक जपावे लागते, म्हणून उंच उंचवट्यावर गाडी तिरकी घालावी लागते. पण व्हीलबेस आखूड असल्याने मधले पोट टेकत नाही. सोसायटीच्या उतारावर एकदाही घासलेले नाही.

टायरची गोष्ट वेगळी. मागचे टायर २८५/३० आर २० मापाचे आहेत, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये साडेआठ सेंटिमीटर रबर. गणपतीच्या आदल्या आठवड्यात पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावे मागचे चाक आपटले आणि टायरच्या भिंतीला लिंबाएवढा फुगा आला. गाडीत जादा चाक नसते, आणि अशा जखमेवर पंक्चरच्या द्रावणाचा उपयोग नाही. गाडी सपाट ट्रेलरवरून नेली, दोन्ही मागचे टायर जोडीने बदलले आणि ते मागवून येईपर्यंत नऊ दिवस गेले. ई २०० च्या १८ इंची चाकांवरील जाड भिंतीच्या टायरने तो खड्डा बहुधा पचवला असता. तेव्हापासून पावसात भोसरीला जुनी इनोव्हाच जाते. इंधनाचे म्हणाल तर शहरात लिटरला सहा, महामार्गावर अकरा. ३९० लिटरच्या डिकीत दोन माणसांचे चार दिवसांचे सामान बसते.

राहता राहिली आई. ती शहात्तर वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात आणि ई-क्लासला पडलेल्या दोन मतांपैकी एक तिचे होते. एम २ च्या मागच्या आसनावर तिला बसवण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे चौदा वर्षांची मुलगीसुद्धा थेऊरपर्यंतच खूश असते. पहिले दोन महिने आई या गाडीत बसलीच नाही. मग एके दिवशी तिने स्वतःच युक्ती काढली : आधी पाठमोरी होऊन आसनावर टेकायचे, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. बसणे जमते, उतरताना मात्र माझा हात लागतो, आणि सारसबागेपाशी आम्ही असे उतरतो तेव्हा मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत उभ्या असतात.

मार्चमध्ये वर्ष पूर्ण होईल. पुढचे टायर त्याआधीच संपतील असे दिसते, म्हणून या वेळी चारही पावसाळ्याच्या आधी मागवून ठेवणार आहे. इनोव्हा विकण्याचा बेत रद्द झाला आहे, आणि तिच्या जागी पुढेमागे जी गाडी येईल तिला चार दरवाजे असतील, एवढे आईने आताच ठरवून टाकले आहे.