तारीख खरी, लायसन्स खोटं

बॅग घेऊन कोणी तुमच्या दुकानात आलं आणि "विंडोज १० बंद झालंय, आता कॉम्प्युटर कधीही बसेल" असं म्हणालं, तर हे वाचून मगच त्याला आत घ्या. सोलापुरात असा माणूस गेल्या दिवाळीच्या आधी पेठापेठांत फिरत होता. एकटाच होता की टोळी, ते कळायला मार्ग नाही. आमच्याकडून त्याने बारा हजार रुपये आणि रॅमची एक पट्टी नेली.

आमचा साखर पेठेत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची लेबलं. मुख्य धंदा पत्रिकांचा. सोलापूरचं गिऱ्हाईक म्हटलं की मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही आलं. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांना एका पानावर तेलुगू हवंच असतं, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांसाठी कन्नड. हे सगळे फॉन्ट आमच्या फार जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि ते डोंगल, म्हणजे मशीनला खोचायची किल्लीसारखी छोटी वस्तू, लावल्याशिवाय उघडत नाही. डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची मशीनशी ओळख करून देणारा प्रोग्राम, ३२ बिटचा, जुन्या पद्धतीच्या विंडोजसाठीचा. त्यामुळे एक जुनं मशीन आम्ही मुद्दाम विंडोज ७ वरच ठेवलेलं. येणारे-जाणारे हसतात, हसू देत. तीच जुनी फाइल युनिकोडवाल्या, म्हणजे आताच्या फॉन्टच्या, मशीनवर उघडली तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी चौकोन आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, तेव्हा कोणी हसत नाही.

बाकीची दोन मशीनं विंडोज १० ची. एक ब्रँडेड, आठव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचं, ज्यावर डिझाइनिंग होतं. दुसरं सहाव्या पिढीचं, बिलं आणि जीएसटीसाठी. ही पिढ्यांची भानगड पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

तो आला तेव्हा मी बार्शीला माहेरी होते. काउंटरवर सासरे होते. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. आल्याआल्या पाणी मागितलं, "काका, तुमच्या हातची पत्रिका आमच्या घरी आली होती" म्हणाला, आणि मग मोबाइलवर बातमी दाखवली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार.

"म्हणजे काय होणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"मशीन लॉक होणार, काका. आतला सगळा डेटा अडकला. तुळशीचं लग्न झालं की तुमचा सीझन. तेव्हा बसलं तर काय कराल?"

मामांना (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो) मी यात काडीचाही दोष देणार नाही. बातमी खरी होती, तारीख खरी होती. मायक्रोसॉफ्टने ती कधीचीच जाहीर केलेली. खोटं होतं ते फक्त त्या तारखेनंतर काय होतं ते, आणि नेमकं तेवढंच बातमीच्या मथळ्यात नसतं. सपोर्ट संपतो म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट यायचे थांबतात. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी तसाच चालू होतो, फाइली तशाच उघडतात. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत. आमचं मशीन त्यानंतरही पाच वर्षांहून जास्त काळ पत्रिका काढत होतं, त्याच काउंटरच्या मागे. तो माणूस त्याच्याकडे पाठ करूनच बोलत होता म्हणे.

अपडेट थांबणं ही किरकोळ गोष्ट आहे असं मात्र कोणी समजू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो घातला नव्हता त्यांची मशीनं गेली. विंडोज एक्सपीचा सपोर्ट तर २०१४ मध्येच संपलेला, तरी त्या वेळी मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीही वेगळा अपडेट काढावा लागला. तेव्हा जुन्या मशीनवर इंटरनेट लावून बँकेचं काम करणं धोक्याचंच. आमच्या विंडोज ७ च्या मशीनला नेटची वायर नव्हतीच, म्हणून ते चालून जात होतं.

तर, भाव ठरला. एका मशीनचं ‘ओरिजिनल विंडोज ११, लाइफटाइम लायसन्स’ साडेतीन हजार, सर्व्हिसिंगचे वर पाचशे. विंडोज ७ चं मशीनही त्यात ओढलं, "हे तर आधीच बेकायदेशीर आहे काका" म्हणून. हेही खोटं. जुनं विंडोज वापरणं हा गुन्हा नाही, चोरीचं वापरणं हा आहे. तिन्ही सीपीयू तो रिक्षात घालून ‘दुकानात’ घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आणले. पैसे क्यूआर कोडवर. त्यावर आलेलं नाव कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं. पावती म्हणून ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद, जीएसटी नंबर नाही, दुकानाचा पत्ता म्हणजे ‘नवी पेठ, सोलापूर’ एवढंच. नवी पेठेत ‘नवी पेठ’ हा पत्ता शोधायला निघालात तर दिवस मावळेल.

मी परत आले तेव्हा तिन्ही स्क्रीन छान दिसत होत्या. टास्कबारची चिन्हं मधोमध, निळं फुलासारखं चित्र. मामा खूश. तेवढ्यात तेलुगू पत्रिकेचं प्रूफ काढायला डोंगलचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि ते उघडेना. त्याला फोन केला. "वहिनी, ड्रायव्हर अपडेट टाकावा लागेल, उद्या येतो." उद्या झालं, परवा झालं. पुढे फोन लागणंच बंद.

खरं तर ते मशीन बघूनच शंका यायला हवी असं कोणीही जाणकार म्हणेल. कोअर टू ड्युओचं मशीन ते. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती इतक्या जुन्या प्रोसेसरवर चालूच शकत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला कळतच नाहीत. मग आत काय होतं? विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली की छोटी चौकट उघडते. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर अशी सहा अक्षरं सलग लिहून एंटर मारायचं. कुठलं विंडोज आहे ते समोर येतं. आमच्या समोर आलं विंडोज १०. वरून विंडोज ११ चा मुखवटा, म्हणजे चिन्हं मध्ये सरकवलेली आणि भिंतीवरचं चित्र बदललेलं. विंडोज १० बंद होणार म्हणून घाबरवून पैसे घेतले आणि त्याच पैशांत विंडोज १० च घालून दिलं! मला आधी हसूच आलं. ते ६४ बिटचं घातलं होतं, आणि ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. म्हणून डोंगल मुकं. खऱ्या विंडोज ११ वरही ते चाललं नसतंच, कारण ते ३२ बिटमध्ये निघतच नाही.

मग बाकीच्या दोघांची झडती. त्याच छोट्या चौकटीत एस, एल, एम, जी, आर लिहायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला चिकटून एक्स, पी, आर. लायसन्सची मुदत दिसते. दोन्हीकडे विंडोज ११ खरंच होतं, पण मुदत एप्रिलमधली. ‘लाइफटाइम’ सहा महिन्यांचं.

याचं गणित असं. मोठ्या कंपन्यांत शेकडो मशीनं असतात, त्यांच्यासाठी केएमएस नावाची सोय आहे. कंपनीच्या आतला एक सर्व्हर मशीनना परवानगी देतो, ती १८० दिवस टिकते आणि अधूनमधून आपोआप वाढत जाते. चोर लोक काय करतात, तर असा सर्व्हर असल्याचं सोंग करणारं एक टूल तुमच्या मशीनवर टाकतात. छापखान्याच्या, किराणा दुकानाच्या, घरच्या मशीनवर अशी मुदतीची तारीख दिसली की समजा टोपी घातली. उलट बाजूने मात्र खात्री देता येत नाही. ‘कायमचं अ‍ॅक्टिव्हेट’ असं दिसलं तरी ते दुसऱ्या चोरवाटेने केलेलं असू शकतं. म्हणून पक्कं बिल हवंच.

पैशांपेक्षा मला जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. असली टूलं अँटिव्हायरस लगेच पकडतो, म्हणून ती टाकणारा आधी अँटिव्हायरसचे डोळे बांधतो. विंडोज सिक्युरिटीत व्हायरसच्या विभागात सेटिंग्जच्या तळाशी एक्सक्लूजन्स नावाची यादी असते, म्हणजे इथे तपासू नको असं सांगितलेल्या जागा. आमच्या दोन्ही मशीनवर अख्खा सी ड्राइव्ह त्या यादीत होता. ज्या मशीनवर बँक उघडते, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि मोबाइल नंबर आहेत, त्या घराला त्याने दारच ठेवलं नव्हतं. ते पाहिल्यावर नेटची वायर काढली, मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले, मेलमधून सगळीकडचं लॉगिन बंद केलं. बँकेतून काही गेलं नाही. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवायचं तेव्हापासून बंद आहे.

रॅमचं लक्षात आलं ते डिझाइनचं सॉफ्टवेअर रांगायला लागलं म्हणून. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जाऊन मेमरी बघितली, तर ८ जीबीच्या जागी ४. दोन पट्ट्यांपैकी एक गायब. सीपीयू दुकानाबाहेर जाणार असेल तर त्याआधी हे पान आणि हार्ड डिस्कचा आकार मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि शक्यतो डोळ्यांसमोरच उघडायला लावा.

सगळ्यात संताप आणणारी गोष्ट नंतर कळली, ओळखीच्या जुन्या मेकॅनिककडे मशीनं नेल्यावर. आठव्या पिढीचं जे ब्रँडेड मशीन होतं, त्याला विंडोज ११ फुकट मिळत होतं. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर (इंटेलचा म्हणाल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा) असला, आणि विंडोज १० खरं असलं, की सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधूनच ते येतं. आपलं मशीन बसतं का हे पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचंच फुकटचं अ‍ॅप सांगतं. त्यातही या मशीनचं होम आवृत्तीचं लायसन्स कंपनीनेच मदरबोर्डात घालून दिलेलं. या पठ्ठ्याने ते खरं लायसन्स बाजूला सारून वर चोरीची प्रो आवृत्ती घातली. मेकॅनिकने डिस्क पुसून विंडोज ११ होम घातलं, नेट लावलं आणि ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. एक रुपयाही लायसन्सचा लागला नाही.

सहाव्या पिढीचं मशीन त्या यादीत बसत नाही. त्याने अटी चुकवून ते ढकललं होतं. तसं चालतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यावर परत विंडोज १० घातलं, २२एच२ आवृत्तीपर्यंत आणलं, आणि अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षेसाठी नाव नोंदवण्याचा जो दुवा येतो तिथे नोंदणी केली. मायक्रोसॉफ्टचं खातं लावून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की घरगुती मशीनला ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर. जुनं मशीन त्याच्याबरोबर आलेल्या सीडीवरून पुन्हा ३२ बिटच्या विंडोज ७ वर गेलं आणि डोंगल बोलायला लागलं. सुदैवाने पत्रिकांचा साठा डी ड्राइव्हवर होता. डेस्कटॉपवर ठेवलेलं मात्र सगळं पुसलं गेलं, त्यात दोन लग्नांची मंजूर झालेली प्रूफं होती. ती रात्री जागून पुन्हा बसवली.

आमच्यासारखंच काम करून घेतलेल्या एका टॉवेलवाल्यांना नंतर फोन आला, "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचं विंडोज चोरीचं आहे, दंड होईल." समोरच्याने त्यांना एक अ‍ॅप घ्यायला लावून स्क्रीनचा ताबा मागितला आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणा दाखवल्या. त्या लाल खुणा कोणत्याही धडधाकट मशीनवर असतात, तुमच्याही असतील. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कोणाला असा फोन करत नाही. त्यांनी वेळेवर फोन ठेवला. पैसे गेलेच असते तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, कळवायचं, जितकं लवकर तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

आम्ही पोलिसांत लेखी अर्ज दिलाय, सोबत एस्टिमेटचा कागद, यूपीआयच्या व्यवहाराचा फोटो आणि स्क्रीनवरची मुदतीची तारीख. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार घेतात. पण तिथे विक्रेत्याचं नाव-पत्ता लागतो, आणि आमच्याकडे आहे ‘नवी पेठ, सोलापूर’.

वाढीव सुरक्षेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, म्हणजे पुन्हा दिवाळीच्या आधी. तेव्हाही तारीख खरीच असेल आणि बॅगवाले पुन्हा निघतील. बिलांच्या त्या मशीनवर तोवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली) घालायचं की ते विकून टाकायचं, हे आम्ही गणपतीच्या आत ठरवणार आहोत. जीएसटीचं काम ब्राउझरमध्येच होतं, तेव्हा लिनक्सवर भागेल असं मेकॅनिक म्हणतो. मामांचं म्हणणं, आधी प्रिंटर चालवून दाखव.